‘कॅलिफोर्नियन’चा वाद : साक्ष, अंतर आणि अग्निबाण

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ ही प्रवासी आगबोट उत्तर अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळली, आणि त्यानंतर २ तास ४० मिनिटांनी समुद्राच्या तळाशी गेली. तिच्यावरील सुमारे २,२०० माणसांपैकी सुमारे १,५०० माणसे मृत्यू पावली. या अपघाताविषयी जेवढे लेखन झाले आहे तेवढे इतर क्वचितच एखाद्या नौकाभंगाविषयी झाले असेल. तथापि त्या विपुल वाङ्मयातील सर्वांत कडवट भाग ‘टायटॅनिक’विषयीचा नाहीच, तो त्याच रात्री त्याच हिमक्षेत्राच्या काठाशी यंत्रे थांबवून उभ्या राहिलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ नावाच्या एका मालवाहू बोटीविषयीचा आहे. या बोटीवरून ‘टायटॅनिक’ दिसत होती काय, दिसत असल्यास ती किती अंतरावर होती, आणि तिच्या मदतीस जाणे शक्य असताना ‘कॅलिफोर्नियन’चा कप्तान स्टॅन्ली लॉर्ड गेला नाही हा आरोप कितपत खरा, हे त्या वादाचे विषय होत. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, दोन देशांत अधिकृत चौकशा झाल्या, ८० वर्षांनंतर सरकारी फेरतपासणी झाली, समुद्रतळावर अवशेष सापडले. तरी अभ्यासकांत लॉर्डवादी आणि लॉर्डविरोधी असे दोन पक्ष आजही कायम आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या वादात रस वाटावा तो त्यातील नाट्यामुळे नव्हे. एकाच अल्प पुराव्यातून दोन पूर्ण चित्रे कशी तयार होतात, हे येथे फार स्पष्टपणे पाहावयास मिळते.

प्रथम वादातीत भाग पाहू. ‘कॅलिफोर्नियन’ ही लेलँड कंपनीची ६,२२३ टनांची बोट ५ एप्रिल १९१२ रोजी लंडनहून बॉस्टनकडे निघाली होती. लेलँड आणि ‘टायटॅनिक’ची मालक व्हाइट स्टार या दोन्ही कंपन्या एकाच अमेरिकन संघटनेच्या छत्राखाली होत्या. बोटीवर एकही प्रवासी नव्हता. १४ एप्रिलच्या रात्री १० वाजून २१ मिनिटांनी समोर बर्फाचा पट्टा दिसताच लॉर्डने बोट थांबविली व रात्र तेथेच काढण्याचे ठरविले. त्या वेळी त्याने नोंदविलेले स्थान ४२ अंश ५ कला उत्तर अक्षांश व ५० अंश ७ कला पश्चिम रेखांश असे आहे. पुढे बेफिकिरीचा ठपका ज्याच्या माथी आला तो कप्तान त्या रात्री बर्फ दिसताच थांबला, आणि ज्याच्याविषयी सहानुभूती दाखविली गेली तो ‘टायटॅनिक’चा कप्तान इशारे मिळूनही पूर्ण वेगाने चालला होता, ही गोष्ट लॉर्डवादी लेखक आवर्जून सांगतात, आणि ती खरी आहे.

अकराच्या सुमारास बिनतारी यंत्रचालक सिरिल एव्हन्स याने ‘टायटॅनिक’ला आपण बर्फात अडकून थांबलो असल्याचे कळविले. ‘टायटॅनिक’चा यंत्रचालक जॅक फिलिप्स त्या वेळी केप रेसच्या केंद्राशी प्रवाशांचे निरोप पाठविण्यात गुंतला होता, त्याने एव्हन्सला झिडकारून गप्प राहावयास सांगितले. वीस वर्षांचा, दिवसभर एकट्याने काम केलेला एव्हन्स साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपी गेला. याच सुमारास ब्रिजवर तिसरा अधिकारी चार्ल्स ग्रोव्ह्ज याला दक्षिणेकडून एक आगबोट येताना दिसत होती. ती मोठी प्रवासी बोट आहे असे त्याचे मत झाले. कप्तानाने तिच्याकडे पाहिले तेव्हा ती आपल्याच आकाराची, मध्यम प्रतीची बोट आहे असे त्याला वाटले. ११ वाजून ४० मिनिटांनी ती थांबली व तिचे बरेचसे दिवे विझल्यासारखे भासले, अशी ग्रोव्ह्जची साक्ष आहे.

मध्यरात्री दुय्यम अधिकारी हर्बर्ट स्टोन याची पाळी सुरू झाली. त्याच्या जोडीला जेम्स गिब्सन हा उमेदवार होता. पाऊण वाजण्याच्या सुमारास स्टोनला त्या बोटीच्या वर आकाशात पांढरा प्रकाश चमकलेला दिसला. पाठोपाठ आणखी दिसू लागले. सव्वाच्या सुमारास त्याने नळीतून खाली कप्तानाला पांढरे अग्निबाण दिसल्याचे कळविले. ते कंपनीच्या ओळखीचे संकेत आहेत काय, असे लॉर्डने विचारले, मॉर्स दिव्याने संपर्क साधत राहण्यास सांगितले आणि उत्तर आल्यास गिब्सनला खाली पाठवावे असा हुकूम केला. लॉर्ड त्या वेळी नकाशांच्या खोलीत कपड्यांनिशी कोचावर पडला होता. उत्तर आले नाही. एकूण आठ बाण मोजले गेले. दोन वाजून गेल्यावर गिब्सनने खाली जाऊन सांगितले की, बोट नैर्ऋत्येकडे नाहीशी होत आहे व तिने एकंदर आठ बाण सोडले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी स्टोनने पुन्हा नळीतून तेच कळविले. लॉर्डच्या म्हणण्याप्रमाणे या शेवटच्या दोन निरोपांची त्याला शुद्ध नव्हती. कोणीतरी दार उघडून बंद केले एवढेच त्याला आठवत होते. एव्हन्सला मात्र कोणीही उठविले नाही. पहाटे साडेपाचच्या सुमारास, मुख्य अधिकारी जॉर्ज स्ट्यूअर्टच्या आग्रहावरून, तो उठला आणि काही मिनिटांतच ‘टायटॅनिक’ बुडाल्याची बातमी त्याच्या कानी पडली.

याच काळात ‘टायटॅनिक’वरून चौथा अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल पांढरे संकटसूचक बाण सोडत होता. पहिला बाण पाऊणच्या सुमारास सुटला. त्याच्या अंदाजाने संख्या सहा ते बारा. त्यालाही दूर एका बोटीचा दिवा दिसत होता. त्याच्या मते अंतर पाचएक मैल होते, आणि ती बोट जवळ येत असल्याचे त्याला वाटले. त्यानेही मॉर्स दिव्याने हाक दिली. त्यालाही उत्तर मिळाले नाही.

येथपर्यंत मतभेद फारसा नाही. मतभेद सुरू होतो तो, ‘कॅलिफोर्नियन’वरून दिसलेली बोट आणि ‘टायटॅनिक’वरून दिसलेली बोट म्हणजे या दोघीच परस्परांना दिसल्या काय, या प्रश्नापासून.

१९१२ साली दोन्ही चौकशांनी याचे उत्तर होकारार्थी दिले. प्रकरण बाहेर फुटण्यास कारण झाला तो ‘कॅलिफोर्नियन’च्या यंत्रखात्यातील अर्नेस्ट गिल. बोट १९ एप्रिलला बॉस्टनला पोहोचली होती. २५ एप्रिलला तेथील एका वृत्तपत्रात गिलचे शपथपत्र प्रसिद्ध झाले. त्याने मध्यरात्रीच्या सुमारास बाण पाहिल्याचे त्यात म्हटले होते. या शपथपत्रासाठी त्याला ५०० डॉलर मिळाले होते, ही गोष्ट त्याने नाकारली नाही, आणि लॉर्डवादी ती कधी विसरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी लॉर्ड, एव्हन्स व गिल यांच्या साक्षी सिनेटर विल्यम आल्डन स्मिथ यांच्या समितीपुढे झाल्या. मे महिन्यात लंडन येथे लॉर्ड मर्सी यांच्यापुढे ब्रिटिश चौकशी सुरू झाली. (या प्रकरणाच्या वाचकाला येथे एक अडचण येते : मर्सी हे पदवीने लॉर्ड, कप्तान आडनावाने लॉर्ड, आणि ज्याच्या ग्रंथामुळे सारा वाद पुन्हा पेटला तो वॉल्टर लॉर्ड, या तिघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.) ३० जुलै १९१२ च्या आपल्या अहवालात मर्सी यांनी असे मत दिले की, दोन बोटींमधील अंतर फार तर आठ ते दहा मैल असावे, आणि पहिले बाण दिसताच ‘कॅलिफोर्नियन’ने बर्फातून वाट काढली असती तर मृतांपैकी पुष्कळ, कदाचित सर्वही, वाचले असते.

या निष्कर्षातील कार्यपद्धतीविषयी दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. लॉर्डला चौकशीपुढे बोलाविले ते साक्षीदार म्हणून. तो पक्षकार नव्हता. आपल्या बचावासाठी वकील देण्याचा अथवा इतर साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क त्याला नव्हता. त्याची साक्ष होऊन गेल्यानंतर चौकशीपुढील प्रश्नावलीत दुरुस्ती होऊन, मदत करण्याची संधी कोणत्या बोटींना होती, हा प्रश्न तीत घालण्यात आला. ज्या आरोपाची कल्पना साक्षीदाराला साक्षीच्या वेळी नव्हती, त्याच आरोपाबाबत त्याच्या साक्षीवरून निर्णय दिला गेला, असा याचा अर्थ होतो. दुसरा आक्षेप असा की, त्याच्यावर खटला कधीच भरला गेला नाही. समुद्रावर संकटात सापडलेल्या माणसांना शक्य असून मदत न करणे हा १९११ च्या कायद्याने अपराध ठरला होता. खटला झाला असता तर दोन्ही बाजूंचा पुरावा कसोटीला लागला असता. तो झाला नाही. कंपनीने ऑगस्ट १९१२ मध्ये लॉर्डला नोकरीवरून काढले, पुढील वर्षी दुसऱ्या कंपनीत तो कप्तान झाला व १९२७ पर्यंत त्याने तेथे काम केले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे हे प्रकरण निजले होते.

ते जागे झाले ते १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या वॉल्टर लॉर्डच्या ‘अ नाइट टु रिमेंबर’ या ग्रंथामुळे आणि १९५८ च्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या लॉर्डने त्याच वर्षी लिव्हरपूलच्या मर्कंटाइल मरीन सर्व्हिस असोसिएशनकडे धाव घेतली. तेथील चिटणीस लेस्ली हॅरिसन यांनी त्याचे प्रकरण हाती घेतले. १९५९ मध्ये लॉर्डने सविस्तर शपथपत्र केले. २४ जानेवारी १९६२ रोजी तो वारला. त्याच्या मृत्यूनंतर १९६५ व १९६८ असे दोनदा संस्थेने बोर्ड ऑफ ट्रेडकडे फेरचौकशीचे अर्ज केले. दोन्ही फेटाळले गेले. पीटर पॅडफील्ड यांचा लॉर्डची बाजू मांडणारा ग्रंथ १९६५ चा. हॅरिसन यांचा स्वतःचा ग्रंथ १९८६ चा. तर लेस्ली रीड यांचे लॉर्डविरोधी पुस्तक लेखकाच्या निधनानंतर १९९३ मध्ये निघाले. दरम्यान अमेरिकेत १९६३ मध्ये, आणि पुढे इंग्लंडातही, ‘टायटॅनिक’च्या हौशी अभ्यासकांच्या संस्था निघाल्या, आणि वादाला कायमचे व्यासपीठ मिळाले. या मंडळींत निवृत्त नाविक, वकील, वृत्तपत्रकार, यंत्रज्ञ असे सर्व प्रकारचे लोक आहेत. विद्यापीठीय इतिहासकार मात्र थोडे. त्यांच्या लेखनातील आवेश पाहून हसण्याचा मोह होतो, पण भरतीचे प्रवाह, होकायंत्राचा फरक, दिव्यांची दृश्यमर्यादा यांविषयी त्यांनी जे गणित केले आहे ते १९१२ च्या न्यायासनाने केले नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

हॅरिसन यांच्या प्रयत्नातून पुढे आलेला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे स्टोन व गिब्सन यांची १८ एप्रिल १९१२ ची लेखी निवेदने. बोट बॉस्टनला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी लॉर्डने ती लिहून घेतली होती. दोन्ही चौकशांपुढे ती आली नाहीत. ती कप्तानाच्या खाजगी कागदांत राहिली. बखर आणि समकालीन पत्र यांतील भेद ज्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे त्याला या निवेदनांचे महत्त्व वेगळे सांगण्याचे कारण नाही. परंतु समकालीनत्वाबरोबरच हेही लक्षात घ्यावयास हवे की, ती कनिष्ठांनी आपल्या वरिष्ठाच्या सांगण्यावरून, ‘टायटॅनिक’ बुडाल्याचे कळल्यानंतर, वरिष्ठालाच उद्देशून लिहिली आहेत. गिब्सनच्या ब्रिटिश चौकशीपुढील साक्षीत मात्र लॉर्डला अडचणीत आणणारे तपशील आहेत, हे विशेष. समुद्रात कोणतीही बोट उगाच बाण सोडत नाही असे स्टोन म्हणाला. त्या बोटीचे दिवे विचित्र दिसतात, ती पाण्याबाहेर विचित्र दिसते, असेही तो म्हणाला. आणि गिब्सनला ती एका बाजूला कललेली वाटली. हे बोलणे स्वसंरक्षणार्थ रचलेले असणे संभवत नाही. उलट, लॉर्डवादी असे विचारतात की, लॉर्डला काही लपवावयाचे असते तर त्याने ही निवेदने लिहूनच का घेतली आणि जन्मभर जपून का ठेवली? हा प्रश्नही रास्त आहे.

आता दोन्ही पक्षांच्या मुख्य युक्तिवादांकडे वळू. लॉर्डवाद्यांची बाजू एका वाक्यात सांगावयाची तर अशी : दोन्ही बोटींच्या मध्ये एक तिसरी, अज्ञात बोट होती, दोन्हीकडच्या लोकांनी पाहिली ती हीच. यास आधार पुष्कळ. ‘टायटॅनिक’ने बिनतारी संदेशात दिलेले स्थान ४१ अंश ४६ कला उत्तर, ५० अंश १४ कला पश्चिम; लॉर्डच्या नोंदीतील स्थानापासून ते सुमारे २० सागरी मैलांवर पडते. इतक्या अंतरावरून एका बोटीचा तांबडा बाजूदिवा दुसऱ्या बोटीस दिसणे शक्य नाही. पण स्टोन व ग्रोव्ह्ज या दोघांनाही तो दिसला होता. म्हणजे दिसलेली बोट जवळ होती, आणि ‘टायटॅनिक’ दूर. शिवाय ‘कॅलिफोर्नियन’ रात्रभर थांबलेली होती, आणि बॉक्सहॉलला दिसलेली बोट मात्र जवळ येत होती. ‘टायटॅनिक’च्या पहारेकऱ्यांना टक्कर होण्यापूर्वी एकही दिवा दिसला नव्हता, जर ‘कॅलिफोर्नियन’ पाच मैलांवर असती तर तिचे दिवे त्यांना दिसले नसते काय? स्टोनला दिसलेली बोट पुढे नैर्ऋत्येकडे चालत गेली. ‘टायटॅनिक’ तर जागची हलली नाही. शेवटी, ते बाण त्या बोटीच्या डोलकाठीवरील दिव्याच्या निम्म्या उंचीपर्यंतच चढत होते, असे स्टोन सांगतो. तेव्हा ते बाण तिने सोडले नसून तिच्या पलीकडे, क्षितिजाजवळ असलेल्या दुसऱ्याच बोटीने सोडले असावेत.

या मांडणीचे बळ तिच्या एकेका मुद्द्यात आहे. दुर्बलता ते सर्व मुद्दे एकत्र केल्यावर दिसते. ही तिसरी बोट दक्षिणेकडून अकराच्या सुमारास आली पाहिजे, ‘टायटॅनिक’ थांबली त्याच वेळी थांबली पाहिजे, स्टोनच्या दृष्टीने बाणांच्या नेमक्या रेषेत अडीच तास उभी राहिली पाहिजे, मॉर्स दिव्यांच्या हाकांना दोन्ही दिशांना उत्तर देता कामा नये, आणि ‘टायटॅनिक’ बुडाली त्याच सुमारास नाहीशी झाली पाहिजे. तीही नैर्ऋत्येकडे, म्हणजे ज्या बाजूला हिमक्षेत्र पसरले होते त्या बाजूला. (दोन बोटींची घड्याळे सारखी नव्हती, ‘टायटॅनिक’ची वेळ ‘कॅलिफोर्नियन’च्या पुढे सुमारे १२ मिनिटे असावी असा अलीकडच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. त्याने वरील जुळणी बिघडत नाही.) अशी बोट कोणती, याचा शोध शंभर वर्षे चालू आहे. १९६२ नंतर ‘सॅम्सन’ या नॉर्वेजियन सील-शिकारी बोटीचे नाव फार गाजले. तिच्यावरील हेन्रिक नॅस या अधिकाऱ्याने आपण बाण पाहून बेकायदा शिकारीच्या भीतीने पळ काढल्याचे सांगितले होते. परंतु ‘सॅम्सन’ ६ एप्रिल व २० एप्रिल १९१२ या दोन्ही दिवशी आइसलँडच्या इसाफ्योर्दुर बंदरात असल्याच्या नोंदी सापडल्या. त्या १४ दिवसांत अशी मंद बोट अपघातस्थळी जाऊन परत येणे अशक्य. त्यानंतर कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या ‘माउंट टेंपल’वर संशय घेतला गेला, सेनन मोलनी या आयरिश लेखकाने २००९ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या बोटीचा कप्तान जेम्स मूर याने १९१२ मध्येच साक्ष दिली होती, आणि बिनतारी संदेशांच्या नोंदी त्याच्या कथनाशी जुळतात असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे आहे. एका कप्तानावरील अन्याय दूर करण्यासाठी दुसऱ्या कप्तानावर तितक्याच तुटपुंज्या पुराव्याने तोच आरोप करावा, यात काही विपरीत आहे असे पुष्कळ लॉर्डवाद्यांना वाटलेले दिसत नाही.

१ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलर्ड व झाँ-लुई मिशेल यांच्या अमेरिकन-फ्रेंच मोहिमेला ‘टायटॅनिक’चे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले. आता वाद मिटेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. अवशेष ४१ अंश ४३.५ कला उत्तर, ४९ अंश ५७ कला पश्चिम या ठिकाणाच्या आसपास आहेत. म्हणजे संदेशात दिलेल्या स्थानापासून पूर्वेला सुमारे १३ सागरी मैल. ‘कॅलिफोर्नियन’च्या नोंदीतील स्थानापासून हे अंतर २२-२३ मैल भरते. लॉर्डवाद्यांनी विजय जाहीर केला : अंतर कमी झाले नाही, वाढलेच. विरोधकांनी विचारले की, कुशल अधिकाऱ्याने काढलेले ‘टायटॅनिक’चे स्थान जर १३ मैलांनी चुकू शकते, तर लॉर्डच्या स्थानावर इतका विश्वास कशासाठी? शिवाय संदेशातील जुने स्थान लॉर्डच्या स्थानापासून दक्षिणेच्या किंचित पश्चिमेस पडत होते. अवशेष मात्र दक्षिणेच्या पूर्वेस आहेत, आणि स्टोनला बोट व बाण दिसले ते दक्षिण-आग्नेयेस. (होकायंत्राच्या दुरुस्तीचा हिशेब मात्र अभ्यासक निरनिराळा करतात.) अशा रीतीने एकाच शोधाने एका पक्षाला अंतर दिले आणि दुसऱ्या पक्षाला दिशा दिली. दोघांनीही आपापला हिस्सा उचलला व दुसऱ्याचा तेथेच टाकला.

या शोधामुळेच १९९० मध्ये ब्रिटिश परिवहन मंत्र्यांनी सागरी अपघात तपास शाखेकडे फेरतपासणी सोपविली. तिचा १९९२ चा अहवाल वादाच्या इतिहासात अद्वितीय म्हणावा लागेल, कारण त्यात सरकारी तपासणीनेच दोन परस्परविरोधी मते नोंदविली. प्रथम नेमलेले तपासनीस कॅप्टन टॉमस बार्नेट यांच्या मते ‘टायटॅनिक’ पाच ते सात मैलांवर होती व ती ‘कॅलिफोर्नियन’वरून दिसली. त्यांचा अहवाल तपासताना उपमुख्य निरीक्षक कॅप्टन जेम्स डी कव्हर्ली यांना ते पटले नाही. त्यांच्या मते अंतर १७ ते २० मैल, बहुधा १८ मैल होते, आणि ‘टायटॅनिक’ दिसली नसावी. दिसलीच असेल तर हवेतील असाधारण वक्रीभवनामुळे. मात्र दोन मुद्द्यांवर दोघांचे एकमत आहे. ‘टायटॅनिक’चे बाण ‘कॅलिफोर्नियन’वरून दिसले होते, आणि ते दिसल्यावर योग्य ती कृती झाली नाही. तसेच, योग्य कृती झाली असती तरी ‘कॅलिफोर्नियन’ बहुधा ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतरच तेथे पोहोचली असती, आणि ‘कार्पेथिया’ने जे काम केले तेच तिच्या वाट्याला आले असते.

या शेवटच्या मुद्द्याने मर्सींच्या निष्कर्षातील सर्वांत जिव्हारी लागणारा भाग कोसळतो. ‘कॅलिफोर्नियन’चा वेग फार तर ताशी १३ मैलांच्या आसपास, यंत्रे सज्ज करून, अंधारात बर्फ चुकवीत, १८ मैल जाण्यास तिला किती वेळ लागला असता याचा हिशेब कठीण नाही. अंतर आठ-दहा मैलच होते असे धरले तरी, गोठणबिंदूच्या खाली तापमान असलेल्या पाण्यातून पंधराशे माणसे एका मालवाहू बोटीने वेळेत काढली असती, हे म्हणणे भाबडे आहे. काही जीव वाचले असते काय? जवळच्या अंतराचा पक्ष खरा असेल तर होय. दूरच्या अंतराचा खरा असेल तर बहुधा नाही. त्यापलीकडे ठामपणे जाणे पुराव्याला धरून होणार नाही.

परंतु लॉर्डवाद्यांची खरी अडचण अंतरात नाहीच. तिसरी बोट मान्य केली, २० मैल मान्य केले, मर्सींची कार्यपद्धती सदोष मानली, तरी बाण उरतात. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रात्रीचा संकटसूचक संकेत स्पष्ट सांगितलेला होता : थोड्या थोड्या वेळाने एकेक सोडलेले, तारे फेकणारे, कोणत्याही रंगाचे बाण. स्टोनने पाहिले ते हेच. ते कोणी सोडले, जवळच्या बोटीने की दूरच्या, हे कळण्यासाठी अंतर मोजण्याची गरज नव्हती. एव्हन्सला उठवावयाचे होते. हॅरिसन यांच्यापासून पुढील बहुतेक समर्थकांनी शेकडो पाने अंतरावर खर्ची घातली आहेत, आणि बाणांविषयी मात्र ते कंपन्यांच्या ओळखसंकेतांची शक्यता सांगून पुढे सरकतात. विरोधकांचा दोष याच्या उलट आहे. त्यांचा सारा रोख लॉर्डवर. पण बाण डोळ्यांनी पाहणारा, त्यांविषयी गिब्सनजवळ साशंकता बोलून दाखविणारा, आणि तरीही खाली जाऊन झोपलेल्या कप्तानाला हलवून जागे न करणारा स्टोन हा त्यांच्या कथेत भित्रा कनिष्ठ म्हणून सुटतो. लॉर्डचा स्वभाव कडक होता, स्टोन त्याला भीत असे, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असू शकेल, पण त्याला साक्षींतील आधार थोडा आहे. पाळीवरील अधिकाऱ्याची जबाबदारी कप्तानाच्या स्वभावाने कमी होत नाही. आणि बाणांची वार्ता कळूनही कोचावरून न उठलेल्या कप्तानाची जबाबदारी अधिकाऱ्याच्या भित्रेपणाने कमी होत नाही.

बोटीच्या नोंदवहीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तिच्या अधिकृत नोंदवहीत त्या रात्रीच्या बाणांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ती ज्या कच्च्या नोंदवहीवरून लिहिली गेली तिची त्या दिवसाची पाने नेहमीच्या वहिवाटीप्रमाणे नष्ट केली, असे स्ट्यूअर्टने साक्षीत सांगितले. हे रिवाजास धरून असेलही. परंतु १५ एप्रिलच्या सकाळी अपघातस्थळी जाऊन अवशेष व रिकाम्या नावा पाहिलेल्या अधिकाऱ्यांना, आदल्या रात्री दिसलेले आठ बाण नोंद करण्याजोगे वाटू नयेत, याचे समाधानकारक उत्तर लॉर्डच्या कोणत्याही समर्थकाने दिलेले नाही. लॉर्डच्या स्थानावरील विश्वासाचा पायाही हीच नोंदवही आहे. तेव्हा एका बाबतीत ती प्रमाण आणि दुसऱ्या बाबतीत तिचे मौन क्षम्य, असा पक्ष घ्यावा लागतो.

अलीकडच्या लेखनात टिम मॉल्टिन यांनी २०१२ मध्ये मांडलेली उपपत्ती पुष्कळांना आकर्षक वाटली आहे. लॅब्राडॉरच्या थंड प्रवाहावर उबदार हवा पसरल्याने प्रकाशकिरण वाकले, क्षितिज उचलल्यासारखे झाले, मोठी बोट जवळची व लहान वाटली, मॉर्स दिवे लुकलुकत्या प्रकाशात ओळखू आले नाहीत, असे ती सांगते. दोन्ही पक्षांचे साक्षीदार प्रामाणिक ठरतात, हा तिचा गुण. आणि तिच्या योगे जवळजवळ कोणतीही साक्ष कोणत्याही अंतराशी जुळविता येते, हा तिचा दोष. सॅम्युअल हॅल्पर्न यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ प्रवाह, वेळा व दिशा यांचा पुन्हा तपशीलवार हिशेब मांडतो. तोही विरुद्ध पक्षाला मान्य झालेला नाही.

त्या रात्री ब्रिजवर असलेल्यांपैकी ग्रोव्ह्जने १९५७ मध्ये एक टिपण लिहिले; त्यात तो आपल्या मूळ मताला, आपण पाहिलेली बोट ‘टायटॅनिक’च होती या मताला, चिकटून राहिला. स्टोन १९५९ मध्ये व गिब्सन १९६३ मध्ये वारला. दोघांनीही आपली बाजू मांडणारे पुस्तक लिहिले नाही. ‘कॅलिफोर्नियन’ ९ नोव्हेंबर १९१५ रोजी ग्रीसच्या केप मॅटापाननजीक जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली.